इंग्रजांनी टाकून दिलेले शब्द

"हा शब्द इंग्रजांनी टाकून दिला. आपण ठेवून घेऊ."

असं म्हणून बाई फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक मेलेला इंग्रजी शब्द लिहायच्या आणि त्याच्यावर खडूनं टकटक करायच्या, आत कोणी आहे का बघितल्यासारखं. आमची शाळा सहकारी साखर कारखान्याची. बाई इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. निम्मी मुलं ऊसतोड कामगारांची. आईबाप तोडीला गेले की ती शाळेच्या वसतिगृहात राहायची.

हेडमास्तर वैतागायचे. "कावून बाई? परीक्षेला येतं ते शिकवा की."

"ते गाईडमधी हाय, सर. ह्याला कोण वाली हाय?"

सरळ रस्ता दिसला की ज्याला आडवं जावंसं वाटतं, असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. पण बाईंचे शब्द पोरांनी असे उचलले की आमची पंचाईत झाली. दुसऱ्याच्या ताटाकडे आशेनं टक लावून बसणं म्हणजे 'ग्रोक'. कामाचं नुसतं सोंग करणं म्हणजे 'फजेल'. क्लार्क फायली इकडच्या तिकडे करायला लागला की व्हरांड्यातून आवाज यायचा, "फजेल चाललंय!" त्यानं अर्थ विचारला, तो बाईंनीच हसत सांगितला. मग बिचारा आठवडाभर खरंच काम करत होता.

दुष्काळाच्या वर्षी टँकर कधी येणार असं मुलांनी विचारलं की बाई म्हणायच्या, "ओव्हरमॉरो." म्हणजे परवा. "इंग्रजांचा परवा हरवला रे. आपला शाबूत हाय." टँकर पुष्कळदा परवाही यायचा नाही. मग बाई स्वतःच्या घरातली घागर उचलून वसतिगृहात आणून ठेवायच्या. इतका जीव कशाला लावायचा, म्हणून मला त्यांचा रागच यायचा.

त्याच वर्षी कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत विषय आला: पाण्याअभावी वसतिगृह बंद करणे. बंद झालं की मुलं शाळा सोडून आईबापांमागे उसाच्या फडात जाणार, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे सभेची रीत ठरलेली. सेक्रेटरीनं विषय निम्मा वाचला की व्यासपीठावरचे संचालक हात वर करतात आणि पुढच्या रांगा "मंजूर, मंजूर" ओरडतात. तसंच झालं.

बाई उभ्या राहिल्या. वडिलांचा शेअर त्यांच्या नावावर होता, तेव्हा सभासद म्हणून हक्कानं आल्या होत्या.

"चेअरमनसाहेब, तुमचे संचालक क्वॉकरवॉजर हायत."

मांडवात खसखस पिकली. चेअरमन मात्र हसले नाहीत. "शिवी दिली का? शब्द मागं घ्या."

"घेते. इंग्रजांनी कधीचा टाकलेला हाय, मला जड न्हाई. मराठीत सांगते. दोरीवर नाचणारी लाकडी बाहुली. दोरी वढली की हात वर. ह्यांच्यातल्या एकानं तरी ठराव वाचलाय का? वाचला आसल त्यानं उठून सांगावं, पोरं जाणार कुठं?"

"खाली बसा!" पुढून कोणीतरी ओरडलं.

"उत्तर मिळाल्याबिगर बसणार न्हाई."

एकही संचालक उठला नाही. बाई तशाच उभ्या. शेवटी मागून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "वाचा की परत. नीट वाचा." सेक्रेटरीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. या वेळी कोणी मंजूर म्हणालं नाही. विषय बारगळला.

बाईंची नोकरी मात्र त्याच महिन्यात गेली. फाट्यावर त्या पाटोद्याच्या एसटीची वाट बघत होत्या, मी त्यांची ट्रंक धरून उभा होतो. हेडमास्तर धापा टाकत आले.

"बाई, माफीच्या दोन वळी लिहून द्या. मी चेअरमनला गळ घालतो."

"न्हाई लिहायच्या, सर. तुमी टँकरचं बघा."

गाडी आली, बाई चढल्या. मला भडभडून आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. त्या संध्याकाळी वसतिगृहात पंगत बसली, तेव्हा सगळी पोरं जागेवर होती. बाई तेवढ्या नव्हत्या.