काठाबाहेरचं घर

रेगेन्सबुर्गच्या चौकात, अंधांना हातानं बघता यावं म्हणून, ब्राँझमध्ये हेच शहर छोटंसं करून मांडलंय. दोन दिवसांसाठी आलेल्यानं सुरुवात इथूनच करावी, असं मुलीनं मला करून दिलेल्या यादीत पहिलंच होतं. येणारे-जाणारे चर्चच्या मनोऱ्यांवरून बोटं फिरवतात, म्हणून मनोरे तेवढे झळाळतात. माणसं राहतात त्या गल्ल्या काळ्या पडल्यात, त्यांत पावसाचं पाणी साचलेलं. आपल्या माणसांनाही आपण असंच भेटतो बहुतेक, वरवर हात फिरवून.

मुलगी आठ वर्षं इथं राहतेय. माझी सोय मात्र तिनं हॉटेलात केली होती.

“तुझं घर यात कुठंय?” मी विचारलं.

तिनं ब्राँझच्या काठाबाहेर, हवेत बोट दाखवलं.

“जाऊया?”

ती यादीकडे बघत म्हणाली, “तिथं बघण्यासारखं काही नाही, बाबा.”