पंख्याच्या पात्यांवरचं नाव

गावाबाहेरच्या काळ्या दगडी शिवमंदिरात पुजारीकाका एका कुटुंबाला सांगत होते, “हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं. कोंबडा आरवला, म्हणून हा खांब अर्धाच राहिला.”

माझं डोकं सणकलं. खांबावरचे छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात. इथे कुणाचा तरी हात थांबला असेल, बहुधा कायमचाच. त्याची अख्खी हयात आपण एका रात्रीत गुंडाळली आणि वर पांडवांच्या नावावर करून टाकली.

खांबाशेजारीच नवा पंखा लटकत होता. त्याच्या तिन्ही पात्यांवर मात्र देणगीदाराचं नाव, लाल रंगात, ठसठशीत. मी तडक जाऊन बटण दाबलं. पंखा गरगरला, नाव दिसेनासं झालं.

“उकडतंय का हो?” काकांनी विचारलं.

“फार,” मी म्हणालो.