न घेतलेल्या गोळ्या

नांदेडला एचआयव्हीच्या उपचार केंद्रात मी समुपदेशक होते. लोह्याकडच्या एका बाईला नुकतीच लागण कळली होती. गोळ्या सुरू करण्याआधी तिचं रक्त खास चाचणीला पाठवलं. नेहमीच्या गोळ्यांतलं एक औषध तिच्या विषाणूवर चालणारच नाही, असा रिपोर्ट आला.

"हिनं आधी कुठंतरी गोळ्या खाल्ल्यात," आमचे डॉक्टर म्हणाले. "खोदून विचारा."

मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई ओ मॅडम. लेकीची आन."

"खोटं बोलू नका. रिपोर्टच सांगतोय."

दाराशी तिची सासू उभी आहे, हे मला दिसत होतं. तरी मी आवाज खाली केला नाही. सासू आत घुसली. "आधीपासून गोळ्या? म्हंजे लग्नाच्या आधीच रोग घेऊन आली व्हय गं तू?"

बाहेर बाकड्यांवरच्या सगळ्यांसमोर तिच्या आईबापाचा उद्धार झाला. नवरा भिंतीला टेकून उभा. लागण त्याला लग्नाआधीच झाली होती, हे त्यानं मला स्वतः सांगितलं होतं. पण आता त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका होती. त्यानं गुटख्याची पुडी फाडून तोंडात ओतली. त्याचं गुपित फोडायची मला परवानगी नव्हती, आणि बायकोवरचा आळ तर मीच रचून दिला होता.

सासरच्यांनी तिला उदगीरला माहेरी धाडलं. लेक ठेवून घेतली.

पुढं प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी समजावलं, "विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुकतो. एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. गोळी न घेतलेल्या माणसातही असं सापडतं. कधी लागणीबरोबरच तसा विषाणू येतो."

मी डॉक्टरांना म्हटलं, घरच्यांना बोलावून सांगू. ते म्हणाले, "दुसऱ्या गोळ्या दिल्यात ना? झालं तर मग."

तिला भेटायला मी लातूरच्या केंद्रात गेले. तिची औषधं आता तिथून मिळत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? माझ्या सासूला सांगा."

सासूला आणि नवऱ्याला मी बोलावलं आणि तिनं आधी गोळ्या घेतल्याच नव्हत्या, चूक माझी होती, हे सांगितलं. सासूनं पदरानं तोंड पुसलं. "आता काय, गावभर झालं की," एवढंच म्हणाली. नवऱ्यानं मान वर केली नाही.

दोन महिन्यांनी त्या बाईचा भाऊ तिच्या सासरी जाऊन लेक घेऊन आला. नव्या गोळ्या बाईला मानवल्यात. ती डाळमिलमध्ये कामाला जाते. माझा फोन मात्र उचलत नाही.