वऱ्हाड कापूस जाळतो!

घ्या, चहा घ्या, पण हसणार नसाल तरच सांगतो. कारण माझा संताप अजून उतरलेला नाही! माती मी खाल्ली, कबूल. पण सगळा दोष माझा? छे!

मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा, तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून अर्थशास्त्र शिकून नागपूरच्या विद्यापीठात संशोधक म्हणून लागलो होतो. मुंबईच्या गिरणीवाल्यांच्या एका मंडळानं आमच्या विभागाला अनुदान दिलं होतं. काम काय? तर वऱ्हाडातली कापूस पिकवणारी घरं काय खातात, काय विकतात, काय जाळतात, हे घरोघर जाऊन विचारायचं.

पहिलंच घर मूर्तिजापूरच्या बाहेरचं, सुगंधाबाईचं. माळ्याचं घर. विहिरीजवळ वांगी आणि झेंडू, पलीकडे कपाशी. बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. धूर असा की डोळे चुरचुरायला लागले. मी चुलीकडे पाठ करून बसलो आणि वही उघडली.

"बाई, चुलीत काय जाळता?"

"पराटी."

"पराटी म्हणजे?"

"अवो सायेब, कपाशीले पराटी म्हन्तेत आमच्या इकडं."

माझी पेन्सिल थांबली. कपाशी? म्हणजे कापूस? चुलीत?

"थोडीशी जाळत असाल."

"थोडीशी काहून? शेतातली सारी घरी आनतो. वर्सभर पुरते."

"अहो, पण विकत का नाही?"

"इकाव तं घेते कोन? साऱ्यायच्याच घरी हाय!"

आता तुम्हीच सांगा, रक्त उसळणार नाही का? मी पातूरकडे गेलो, चांदूर रेल्वेला गेलो. जिथे जावं तिथे पराटी! एक म्हातारा तर अभिमानानं म्हणाला, "माह्या आज्यापासून हेच जाळून राहिलो आमी." मूर्तिजापूरला मी आणखी दोनदा गेलो. सुगंधाबाईनं दोन्ही वेळा चहा दिला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर.

नागपूरला येऊन मी अहवाल लिहिला. लिहिला कसला, पेटवला! 'वऱ्हाड कापूस जाळतो!' असं एक अख्खं प्रकरण. पिढ्यान्‌पिढ्या पांढरं सोनं चुलीत जातंय, बाजारात घ्यायला कुणी नाही, आणि सरकार झोपलंय! आमचे प्रोफेसर वाचून थरथरले. "शाब्बास! हे आजवर कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण आम्हा दोघांनाही ते कौतुक वाटलं!

अहवाल मुंबईला गेला. आठ दिवसांत गिरणीवाल्यांचे चिटणीस स्वतः मूर्तिजापूरला उतरले. लालबुंद! "आम्ही कापूस मिळावा म्हणून तारांवर तारा करतो, आणि इथे चुलीत घालतात?"

मी, प्रोफेसर आणि ते, असे तिघं दमणीत बसलो. वाटभर मी भाषण दिलं. बैलसुद्धा कान हलवत होते.

सुगंधाबाई चुलीपुढेच होती. चिटणीसांनी थेट विचारलं, "बाई, तुम्ही कापूस जाळता?"

बाईनं पिठानं भरलेला हात कपाळाला लावला. "कापूस? याड लागलं का मानसाले? कापूस कोन जाळन?"

मी उसळलो. "अहो बाई, तीनदा सांगितलंत मला! पराटी जाळतो म्हणून!"

"मंग, पराटीच जाळतो ना!" तिनं चुलीतून एक अर्धवट जळालेली वाळकी काडी ओढली आणि आमच्यापुढे धरली. "हे पाहा पराटी. बोंडं फुटली, कापूस येचला, इकला. मंग झाडं वाळते. ते उपटून आनतो अन् जाळतो."

चिटणीस माझ्याकडे बघायला लागले. प्रोफेसर विहिरीकडे बघायला लागले.

"यांना हे दाखवलं नव्हतंत?" चिटणीसांनी विचारलं.

"कवा दाखवू? तिन्ही डाव चुलीकडं पाठ करून लिवत बसले. धूर लागते म्हने! एक डाव मान वळवली असती तं दिसली असती."

मला असा संताप आला! म्हटलं, "पण वाळल्या झाडाला आणि उभ्या पिकाला एकच नाव? ही काय भाषा झाली?"

बाईनं शांतपणे भाकरी उलटली. "तुमच्या पुन्याले आंब्याच्या झाडाले काय म्हन्तेत?"

"आंबा."

"अन् फळाले?"

मी वही मिटली. बाई वर चिटणीसांपुढे मलाच सांभाळून घ्यायला लागली. "जाऊ द्या सायेब, त्याईले रागावू नका. लय शिकलेले हायेत."

अरे, यापेक्षा शिवी परवडली!

परत जाताना दमणीतून स्टेशन दिसायला लागलं, तेव्हा चिटणीस प्रोफेसरांना म्हणाले, "या गृहस्थांना या कामावर नेमलं तरी का?"

प्रोफेसरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "काय सांगू साहेब! अर्ज करणाऱ्यांत एक बंगाली होता, एक मद्रासी, दोघं जबलपूरचे. लोकांचं बोलणं नीट कळावं, म्हणून मुद्दाम मराठी माणूस निवडला!"