दोरेबाई आणि एक फटकारा

दोरेबाई मूळच्या इस्पितळातल्या. हृदयाच्या आलेखातली खरखर काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिणं हे त्यांचं काम. रुग्ण खोकला, कुशीवर वळला, पलंगाला कुणाचा धक्का लागला, की आलेखात नको ते उंचवटे उठायचे. ते बाजूला सारून खरे ठोके तेवढे डॉक्टरांपुढे ठेवायचे. तिथून त्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत आल्या त्या वर्षभराच्या बोलीवर. पण रमल्या त्या रमल्याच. केस पांढरे झाले तरी बोली काही संपली नाही.

वेधशाळेतही खरखरीचाच कारभार. लांबच लांब नळ्या, त्यांतून धावणारा लेझरचा किरण. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, की इथली जागा केसाच्या कोट्यंशाहूनही कमी ताणली-आखडली जाते, आणि यंत्र तेवढंही टिपतं. पण तेच यंत्र रस्त्यावरून गेलेला ट्रकही तितक्याच इमानाने टिपतं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते बाईंनी सांगायचं.

त्यात बाईंच्या वाट्याला आले वैश्विक तंतू. पाण्याचा बर्फ होताना त्यात भेगा राहून जातात ना, तसं विश्व जन्मल्यावर थंड होताना काही रेषा तशाच राहून गेल्या असाव्यात, असं गणित म्हणतं. अणूहून कितीतरी बारीक, आकाशगंगेहून लांब आणि भलत्याच जड. त्या ताणलेल्या असतात, हेलकावे खातात, आणि कधीतरी एखादा भाग चाबकासारखा फटकारतो. त्या फटकाऱ्याची लहर आपल्यापर्यंत यावी, एवढीच आशा. आजवर कुणाला ती दिसलेली नाही.

"आम्ही पडलो खड्ड्यात, आणि बाई निघाल्यात सुतावरून स्वर्गाला!" कृष्णविवरांवर काम करणारा एक उंच, बडबड्या सहकारी कँटीनमध्ये म्हणाला होता. त्या दिवसापासून त्या दोरेबाई, आणि तो विवरभाऊ.

घरी सासूबाईही मागे असायच्या. "सापडला का गं दोरा?"

"नाही, आई."

"एकटीनं शोधल्यावर कसा सापडेल? माणसं लाव की चार."

"माणसं कोण देतंय, आई!"

एका सकाळी बाई चहाचा कप घेऊन जागेवर बसल्या, तर पडद्यावर एक खूण लुकलुकत होती. छोटासा झटका. शेकडो कोस दूर असलेल्या दुसऱ्या यंत्रावरही तोच, निमिषभराच्या अंतराने. ट्रक काही दोन्हीकडे एकाच वेळी जात नाही. फटकारा कसा दिसेल याचा गणिताने काढलेला नमुना बाईंनी त्यावर ठेवून पाहिला. बऱ्यापैकी बसला! चहा तसाच राहिला.

दुपारपर्यंत बातमी षट्कर्णी झाली. विभागप्रमुख धावतच आले. "बाई, उभं आयुष्य घातलंत, त्याचं चीज झालं!" येणारा-जाणारा दारातून डोकावून जात होता. बाईंच्या छातीत अशी धडधड चालली होती, की त्यांचाच आलेख काढला असता तर इस्पितळवाल्यांनी ठेवून घेतलं असतं.

पण मनात एक कुसळ सलत होतं. दोन फार जड विवरं एकत्र आली तरी असाच तोकडा झटका येतो. विवरं जितकी जड, तितका त्यांचा सूर खालचा, आणि यंत्राला ऐकू येतो तो फक्त शेवटचा तुकडा. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्या स्वतः विवरभाऊकडे गेल्या आणि त्याचे नमुने मागून आणले.

पुढचे काही दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. प्रत्येक नमुना लावताना आत कुणीतरी म्हणायचं, हा बसू नये. पण एक बसलाच. फटकारा असता तर त्याचा चढ आणि उतार एकसारखे दिसले असते; इथे झटक्याच्या शेवटी घंटा वाजून गेल्यासारखी बारीक थरथर होती. ती विवराचीच.

बाई प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आल्या आणि तशाच बैठकीत उभ्या राहिल्या.

"हा माझा नव्हे," त्या म्हणाल्या. "हा विवरभाऊंचा आहे."

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. बैठक संपल्यावर विवरभाऊ मागे मागे आला, त्याला आनंद लपवता येत नव्हता आणि दाखवायची लाज वाटत होती.

"बाई, गप्प बसला असतात तर आठवडाभर सगळ्या जगाने तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं."

"आणि पुढच्या आठवड्यात आपटलं असतं," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. तो मुकाट्याने शेजारी उभा राहिला. बडबड्या माणसाला याहून जास्त काय करता येणार?

ती विवरं तोवर ऐकलेल्यांतली सगळ्यात जड निघाली. विवरभाऊने हट्टाने शोधनिबंधावर बाईंचं नाव घातलं. बाईंचा स्वतःचा निबंधही त्याच वर्षी आला: इतक्या वर्षांत एकही फटकारा ऐकू आला नाही, त्याअर्थी तंतू असलेच तर ते अमुक इतक्याहून जड असू शकत नाहीत. आधीच्या मानाने हद्द पुष्कळच आवळली होती.

"म्हणजे नाहीच सापडला," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. पण कुठे शोधायला नको, ते कळलं."

"मग अर्धं काम झालंच की!"

अर्धं कसलं, शंभरावा हिस्साही नव्हे, हे बाईंना ठाऊक होतं. पण ऐकायला बरं वाटलं.

आठवडाभराने विवरभाऊ दोन माणसं घेऊन दारात हजर. "अर्धा वेळ ही तुमची. प्रमुखांची परवानगी काढलीय. एकेक फटकारा पकडण्यापेक्षा असंख्य तंतूंची मिळून जी मंद कुजबुज येत असेल, ती ऐकू या का? तुम्हीच कधीपासून म्हणत होतात."

बाईंनी खुर्च्या ओढल्या. पहिल्याच तासाला पडद्यावर उमटलेली एक सलग गुणगुण पाहून दोघं नवे हरखले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तो पलीकडच्या इमारतीचा पंखा आहे. बसा. आधी त्याची ओळख करून घ्या."