सहा फुटांखालचं सगळं माझं

रंगाचा डबा संपत आला की तळाला थोडा रंग उरतो. तो कशालाच पुरणार नसतो, पण फेकवतही नाही. आमच्या बाल्कनीत असे तीस-चाळीस डबे साठलेत आणि नवरा रोज सकाळी त्यांना अडखळतो. भिंती रंगवणाऱ्यांचे किस्से तसेच साठतात. एका भिंतीचा एक, दुसऱ्या भिंतीचे दोन. आज थोडी झाकणं उघडते. एखादा वाळलेला निघाला तर सांभाळून घ्या!

आधी माणसं सांगते. आम्ही तिघं. शकीलभाई आमचे उस्ताद. तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आले तेव्हा पाट्या गेल्या, मग त्यांनी भिंती धरल्या. सुजाता शाळेत चित्रकला शिकवते आणि शिडीवर खारीसारखी चढते. तिसरी मी. माझ्याकडे चित्रकलेचा डिप्लोमा आहे, तीन वर्षांची ओवी आहे आणि उंचीची भीती आहे. भीती ओवीबरोबरच जन्मली. आधी मी कुठंही चढायचे. आता स्टुलावर उभी राहिले तरी मला खाली बिनआईची पोर दिसते.

म्हणून वाटणी झाली. सहा फुटांच्या वर ते दोघं, सहा फुटांखालचं सगळं माझं. अडचण एकच, चेहरा नेहमी वर असतो. कॉलेजात पोर्ट्रेटला माझा पहिला नंबर होता, हे मी शकीलभाईंना महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

"मॅडम, चेहरा तो आपकाच है," ते म्हणतात. "बस वो ऊपर रहता. आप ऊपर आव, नै तो उसकू नीचे बुलाव!"

मग मी गुपचूप पाय रंगवायला बसते. शहरातल्या निम्म्या भिंतींवरचे पाय माझे आहेत. एक चेहरा काढायला मिळावा, एवढंच माझं मागणं होतं.

*

पायांना मॉडेल लागतं. घरातलं हक्काचं मॉडेल म्हणजे सासूबाई. त्या टीव्ही बघत होत्या तेव्हा मी त्यांच्या पायांचे फोटो काढले आणि कापूस वेचणाऱ्या एका बाईला ते जसेच्या तसे लावले, भेगांसकट.

महिन्याभरानं आम्ही रिक्षातून तिथून चाललो होतो. सासूबाईंनी रिक्षा थांबवली. उतरून भिंतीजवळ गेल्या, वाकल्या, चष्मा पुसून परत वाकल्या.

"अगं, या तर माझ्या टाचा!"

न विचारता सासूच्या टाचा चौकात लावायच्या म्हणजे काय!

"आई, रागावलात?"

"रागवू नाय तर काय करू? पुढल्या खेपेला आठ दिवस आधी सांगत जा. पार्लरला जाऊन येते!"

*

मोठं चित्र भिंतीवर नेताना आधी चौकटी आखतात. लाल खडूच्या रेघा आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. रस्ता रुंदीकरणाच्या मोजणीतही घरांवर लाल रेघा आणि आकडेच मारतात, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जुन्या शहरातल्या एका घराची भिंत होती. परवानगी मुलानं दिली होती. मुलगा सकाळीच शेंद्र्याला कंपनीत गेला आणि बापाला सांगायचं विसरला. आम्ही चौकटी आखून चहाला गेलो. परत येतो तर गल्ली भरलेली, घरातलं कपाट रस्त्यावर, आणि दारात चाचा फाईल छातीशी धरून उभे.

"निज़ाम के ज़माने का कागज़ है मेरे पास! हात लगाके दिखाव!"

"चाचा, हम तोडनेवाले नै," शकीलभाई हात जोडून म्हणाले. "हम तो मोर निकालनेवाले हैं."

चाचांनी फाईल खाली घेतली. चष्मा लावून रेघा पुन्हा एकदा नीट पाहिल्या.

"मोर कित्ते फुट का?"

"बारा."

"मतलब मेरे बारा फुट तो गए ना!"

*

हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाईल पुढं करतं आणि मग बोलतं. त्यात जगातल्या सगळ्या भिंती असतात. कुणाला मेलबर्नची गल्ली हवी, कुणाला बर्लिनचा चौक. जालना रोडवरच्या एका हॉटेलमालकांनी आम्हाला लिस्बनची भिंत दाखवली. चार मजली बाई, मोकळे केस, हातात सिगारेट, डोळ्यांत साऱ्या दुनियेचा कंटाळा. मी तर बघतच राहिले. काय चेहरा होता!

"सेम टू सेम पाहिजे," मालक म्हणाले. "फक्त केस बांधा. नऊवारी नेसवा. अन् सिगारेट काढा, फॅमिली हॉटेल आहे."

"मग हातात काय देऊ?" सुजातानं विचारलं.

"थाळी द्या."

"आणि डोळ्यांतला कंटाळा?"

मालकांनी काऊंटरपलीकडं एक नजर टाकली.

"तो राहू द्या. आमचे वेटर तसेच बघतात."

*

हर्सूलच्या बाजूला एका वसाहतीत 'पाणी वाचवा'ची भिंत होती. मधोमध नळ. नळ सहा फुटांच्या खाली, म्हणजे माझा. मी जीव ओतला. पाण्याची धार अशी चमकत होती की मलाच हात लावून बघावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सात-आठ बायका समोर उभ्या. मी पदर सावरला, म्हटलं कौतुकाला आल्या.

"ताई, हे पाणी बंद करा."

"अहो, चित्र आहे ते."

"चित्र हाये ते दिसतंय की आम्हाला! आमच्या घरी आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय, अन् भिंतीला चोवीस तास व्हय?"

मी ब्रश घेतला आणि नळ बंद केला. कलेचं समाधान म्हणून तोटीला एक लोंबता थेंब तेवढा ठेवला.

पुढची बाई जवळ आली. थेंबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"वायसर बदला त्याचा!"

*

बायपासजवळच्या भिंतीवर आम्ही वीटभट्टीवर काम करणारी बाई काढली. पाय अर्थात माझे: अनवाणी, धुळीनं भरलेले, बोटांत जोडवी. चौथ्या दिवशी त्या पायांवर हळदीकुंकू दिसलं. आठवड्याभरात फुलं आली, मग उदबत्ती. ऑफिसला जाणारे लोक गाडी स्टँडवर लावून पायांवर डोकं टेकवायला लागले.

सुजाता चिडली. "अगं, मी त्या चेहऱ्यावर पंधरा दिवस घालवलेत! कुणी मान वर करून बघत पण नाही!"

शेजारचा पानटपरीवाला तिची समजूत काढायला लागला. "मॅडम, वर बघून काय करायचं? आशीर्वाद खालीच मिळतो."

खरं सांगू, मला बरं वाटलं. पाचेक मिनिटं. मग परत मनात आलं, शेवटी पायच ना!

*

आणि गारखेड्याची सोसायटी.

बाजूची तीन मजली कोरी भिंत. विषय सेक्रेटरींनी दिला: अंतराळवीर मुलगी. शकीलभाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी चढायला बंदी घातलेली. बूट त्यांनी जमिनीवर उभं राहून रंगवले. वरचा पोशाख, हेल्मेट, तारे सगळं सुजातानं केलं. चेहरा तेवढा राहिला आणि तिला परीक्षेची ड्यूटी लागली. हेल्मेटच्या काचेत नुसता पांढरा गोल. रविवारी उद्घाटन.

"जमत नसेल तर सांगा," सेक्रेटरी म्हणाले. "पुण्याहून माणूस बोलावतो."

"जमतं," असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

शनिवारी सकाळी कमरेला दोन-दोन पट्टे बांधून मी बांबूच्या परांचीवर चढले, डोळे मिटून, एकेक बांबू चाचपत. समोरच्या फुटपाथवर सासूबाई, त्यांच्या कडेवर ओवी. वर पोचले तेव्हा नवीन अडचण कळली. मॉडेलचा फोटो सुजातानं फळीवर चिकटवलेला, माझ्या पायाशी. तो बघायचा तर खाली बघावं लागणार, आणि खाली बघणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मग मी मोबाईल डोळ्यांसमोर बांबूला बांधला, सेल्फी कॅमेरा लावला आणि समोर जी बाई दिसली तिलाच काढायला घेतलं.

दुपारी तोच मोबाईल वाजला. नवरा.

"कुठंयस?"

"नाकापाशी."

"कुणाच्या?"

"माझ्याच. मला उतरता येत नाहीये."

"अगं, मग आता?"

"आता काय! डोळे करते."

उतरता येत नव्हतं म्हणून डोळे केले. डोळे झाले म्हणून भुवया, मग ओठ, मग कपाळावर आलेली एक बट. ऊन उतरलं तेव्हा चेहऱ्यात करायला काहीच शिल्लक उरलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कोपऱ्यातल्या गॅलरीतून हात पुढं केला, पट्टे सोडले, मला दंडाला धरून आत ओढलं, आणि मी चांगली जिन्यानं खाली आले.

रविवारी मांडव, खुर्च्या, हार. पाहुण्यांनी माईक हातात घेतला आणि भिंतीकडं बोट केलं.

"बघा ही नजर! कुठं भीतीचा लवलेश आहे का? अथांग अंतराळात ही लेक एकटी उभी आहे, निर्भय!"

टाळ्या पडल्या. शकीलभाईंनी ऑपरेशनच्या काळ्या चष्म्यातून वर बघितलं, मग माझ्याकडं, मग परत वर. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

टाळ्या थांबल्या. माझ्या कडेवरच्या ओवीनं माझी मान घट्ट धरली, आपली मान मागं टाकून भिंतीकडं बघितलं, आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडली,

"आई, घाबरू नको! उतर खाली!"