दादाच्या रक्तातली गोटमार

...म्हणून परत सांगून राहिली, प्रशांतदादा मंगेशच्या गोट्यानं मेला नाही.

तो आधीच आतून मरून राहिला होता. आणि आम्ही त्याला पुरणपोळी वाढून राहिलो होतो.

आज वर्ष झालं. आज परत गोटमार आहे.

दादा माझा चुलतभाऊ, पांढुर्ण्याचा. वहिनी नदीपलीकडच्या सावरगावची. मंगेश तिचा सख्खा भाऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावर दादा, त्या काठावर त्याचा साळा. दिवसभर गोटे मारून एकमेकांची डोकी फोडायची, रात्री पट्ट्या बांधून सोबत जेवायचं.

मागच्या वर्षी दादाला डेंग्यू झाला. नागपूरला ॲडमिट. मी तिथंच एमएस्सी करते, आमच्या लॅबचं प्रोजेक्टच डेंग्यूवर.

पोळ्याच्या सकाळी ताप उतरला. नर्सनं प्रोजेक्टसाठी रक्त काढलं.

दादा तिला म्हणे, "घे वं, पण उद्याच्या गोटमारीपुरतं ठेवजो!"

डॉक्टर म्हणाले, ताप उतरल्यावरच खरा डेंजर असतो, थांबा.

मोठेबाबा, म्हणजे दादाचे वडील, म्हणाले, "ताप गेला ना? मंग पोळ्याले माणूस दवाखान्यात कायले ठेवता?"

सही करून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी दादा नदीच्या मधात रोवलेला झेंडा काढायला धावला. मंगेशचा गोटा खांद्यावर बसला. चामडी फाटली, हाड शाबूत. दादा हसला, "साळ्याचा नेम सुधरला बे!"

आणि पाण्यातच बसला.

हात-पाय बर्फ. पोट फुगलेलं. नागपूर यायच्या आधीच गेला.

डॉक्टरनं लिहिलं, डेंग्यू शॉक. घरच्यांना दिसला फक्त गोटा.

सगळे सॅम्पल आम्ही मशीनवर एकदम लावतो, म्हणून दादाचं तो गेल्यावर लागलं.

व्हायरस दिसला की पेशी एकमेकींना ओरडतात, "हाणा!" ते ओरडणं म्हणजे सायटोकाइन. त्याचा जीन किती जोरात चालू आहे, ते आरएनएवरून मोजता येतं.

ग्राफमध्ये दादाचा बार सगळ्यात उंच होता.

व्हायरस कमी होऊन राहिला होता, तरी पेशी हाणतच होत्या. स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना. त्या गळायला लागल्या, रक्तातलं पाणी पोटात उतरलं. नदीवरची गोटमार अंधार पडला की थांबते. ही थांबलीच नाही.

आणि हे रक्त गोट्याच्या आदल्या दिवशीचं आहे!

एका ग्राफनं सगळं प्रूव्ह होत नाही, माहीत आहे मला. मारानं थोडं बिघडलं असेल, धावल्यानं जास्त. पण खुनी मंगेश नाही.

मोठेबाबांना ग्राफ दाखवला तर म्हणे, "तुही मशीन नदीवर होती का?"

वहिनी वर्षभर माहेरी गेली नाही. जाऊच दिलं नाही. मंगेश बोरगावला कंपनीत लागला, तिथंच राहतो. आज येऊन राहिला, भाऊजीच्या नावानं नदीवर नारळ फोडायला.

आणि दादाचा लहान भाऊ गोलू सकाळपासून अंगणात गोटे निवडून राहिला. टोकदार आहेत ते वेगळे.

"हे मंगेशचे."

मी म्हटलं, गोलू, ऐक ना एकदा.

"तू नागपूरले जाय."

दादा, तुझ्या रक्तानं जे सांगितलं ते मी सगळ्यांना सांगितलं. आता शांत झोप रे.

वहिनीनं आत्ता पदर खोचला. म्हणते, "मी नदीत मधात जाऊन उभी राहतो. मंग हाण म्हणा गोलूले."

तुम्ही सांगा, जाऊ देऊ का तिला?